पहारा कोणावर : गिऱ्हाइकावर कीं दुकानावर ?

सामान्य माणसानें आपली पुंजी कोठें गुंतवावी हें सांगण्याचा अधिकार सरकारला आहे काय, हा प्रश्न वरवर पाहतां अर्थशास्त्राचा वाटतो. परंतु मुळांत तो न्यायाचा प्रश्न आहे. ज्या घरांत महिनाअखेरची शिल्लक मोजून बाजूला ठेवली जाते, मुलांचें शिक्षण आणि म्हातारपणचें औषधपाणी ज्या शिलकेवर अवलंबून असतें, त्या घराला तर हा प्रश्न अगदीं जिव्हाळ्याचा वाटला पाहिजे. या प्रश्नावर हल्लीं दोन पक्ष हिरीरीनें भांडतांना दिसतात. एक पक्ष म्हणतो, जोखमीचे फंड हें सामान्यांचें काम नव्हे. त्यांना तेथें पाऊलच ठेवूं देऊं नये. दुसरा पक्ष म्हणतो, मताचा अधिकार ज्याला दिला त्याला स्वतःच्या पैशाचा अधिकार नाकारणें ही शुद्ध दांडगाई आहे. दोन्ही पक्षांचे वकील हुषार आहेत, व दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्यांश आहे. तथापि दोघांचाहि वाद चालला आहे तो दारांतून कोणास आंत सोडावें एवढ्याच मुद्द्यावर; आंतील दुकानांत काय विकलें जातें व कसें विकलें जातें याकडे पाहण्यास दोघांनाहि सवड नाहीं. आमचा आक्षेप नेमका येथेंच आहे.

प्रथम सध्यांची व्यवस्था काय आहे तें पाहूं. रोखेबाजारावर देखरेख करणारी सेबी ही संस्था १९८८ साली स्थापन झाली व १९९२ च्या कायद्यानें तिला अधिकार मिळाले. तिनें आपल्या देशांतील फंडांच्या जणूं ओवऱ्या पाडल्या आहेत. म्युच्युअल फंडाची ओवरी सर्वांना खुली. तेथें शेंपांचशें रुपये घेऊनहि जातां येतें. त्यापुढें ज्यांना पर्यायी गुंतवणुकीचे फंड म्हणतात, म्हणजे नवजात कंपन्या, खासगी कर्जें, अडचणींत आलेलीं मालमत्ता, सट्ट्याचे गुंतागुंतीचे डाव यांत पैसा घालणारे फंड, त्यांचें दार २०१२ च्या नियमांनीं एक कोटि रुपयांच्या उंबरठ्यावर बसविलें. एखाद्या व्यवस्थापकाकडे स्वतंत्र खातें उघडून शेअर सांभाळावयास द्यावयाचे झाल्यास पूर्वीं ५ लाख पुरत. २०१२ मध्यें ते २५ लाख झाले व २०२० मध्यें ५० लाख. या दोहोंच्या मधली एक नवी ओवरी १ एप्रिल २०२५ पासून उघडली. तिचा उंबरठा १० लाखांचा आहे. सारांश, जोखीम जेवढी अधिक तेवढी थैली मोठी पाहिजे, हें या सगळ्या रचनेचें सूत्र आहे.

आतां स्वातंत्र्यवाद्यांचें म्हणणें ऐकूं, आणि तें त्याच्या सर्वांत बळकट स्वरूपांत ऐकूं. ते म्हणतात : नव्या उद्योगांची वाढ आज बऱ्याच अंशीं खासगी भांडवलावर होते, कंपनी शेअरबाजारांत येते तेव्हां तिच्या भरभराटीचा रसाळ भाग अगोदरच वांटला गेलेला असतो. हा भाग ज्यांच्याजवळ कोटि आहे त्यांनाच राखून ठेवणें म्हणजे श्रीमंताला अधिक श्रीमंत होण्याचा परवाना व मध्यमवर्गाला मुदत ठेवीच्या व्याजावर समाधान मानण्याचा हुकूम देणें होय. माणसाला धंदा काढतां येतो, त्यांत घरदार घालवतां येतें, सोन्याचा भाव चढेल म्हणून कर्ज काढून सोनें घेतां येतें; मग फंडानेंच काय पाप केलें ? या युक्तिवादाची हेटाळणी करण्यांत अर्थ नाहीं. अन्यायाची जी तक्रार त्यांत आहे ती खरी आहे, व तिचें उत्तर देणें प्राप्त आहे.

परंतु या युक्तिवादाच्या तळाशीं एक गृहीत लपलेलें आहे. तें असें कीं, ज्यानें कागदावर सही केली त्यानें त्या व्यवहाराला समजूनउमजून संमति दिली. महाराष्ट्राला या गृहीताची किंमत चांगली ठाऊक आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली व दंग्याचें लोण पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गांवोगांव पसरलें. त्या दंग्यांचें वैशिष्ट्य हें कीं, लोकांचा रोख मुख्यतः सावकाराच्या पेटीतल्या कर्जरोख्यांवर होता. ते हस्तगत करून जाळावयाचे, हा त्यांचा उद्देश होता. कां ? तर दिवाणी न्यायालय त्या वेळीं सही किंवा निशाणी पाहून निकाल देई. मुद्दल किती दिलें, व्याज किती चढविलें, जुन्या रोख्याचा नवा रोखा कसा झाला, हें पाहणें आपलें काम आहे असें न्यायालयाला वाटत नसे. चौकशीमंडळ नेमलें गेलें, आणि १८७९ साली दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यानें न्यायाधीशाला रोख्याच्या पलीकडे जाऊन व्यवहाराचा सारा इतिहास तपासावयास लाविलें. सही आहे एवढ्यानें भागणार नाहीं, सहीमागें काय घडलें तें सांगा, हें तत्त्व या भूमीवर दीडशें वर्षांपूर्वीं मान्य झालेलें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं तो शेतकरी निरक्षर होता, आजचा गुंतवणूकदार पदवीधर आहे. हा भेद आम्हांस फारसा सांत्वन देत नाहीं. फंडाचें माहितीपत्रक शेंकडों पानांचें असतें. तें वकिलांनीं वकिलांसाठीं लिहिलेलें असतें. मोबाइलच्या पडद्यावर ‘मला सर्व अटी मान्य आहेत’ या चौकटीवर बोट टेंकणारा एम. ए. झालेला गृहस्थ आणि रोख्यावर नांगराची निशाणी करणारा त्याचा पणजोबा यांच्या संमतींत जें अंतर आहे तें अक्षरओळखीचें आहे, समजुतीचें नव्हे. शिवाय सावकाराच्या ओट्यावर बसलेल्या शेतकऱ्याला समोरचा माणूस आपला हितशत्रु असूं शकतो याची निदान शंका तरी होती. बँकेच्या गार खोलींत बसलेल्या पेन्शनराला समोरचा टापटिपीचा तरुण आपला सल्लागार वाटतो. तो विक्रेता आहे, व कोणता कागद विकला म्हणजे आपल्याला किती मिळेल हें त्याला पक्कें ठाऊक आहे, ही गोष्ट त्या बिचाऱ्याच्या मनांतहि येत नाहीं.

निर्बंध नसले म्हणजे काय होतें याचा पुरावा शोधण्यास दूर जावयास नको. फ्यूचर्स आणि ऑप्शन्स हा फंड नव्हे, परंतु प्रश्न तोच आहे. आणि हें दार आपल्या येथें सताड उघडें राहिलें. सेबीनें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांनीं पैसे गमावले, व त्यांचें एकूण नुकसान १ लाख ८० हजार कोटि रुपयांवर गेलें. दलाली, बाजाराचें शुल्क व कर मिळून याच लोकांनीं सुमारें ५० हजार कोटि रुपये भरले, व त्यांतील निम्म्याहून किंचित् अधिक रक्कम दलाली म्हणून गेली. त्यांतील चार जणांपैकीं तीन जणांनीं आपलें वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आंत असल्याचें कळविलेलें होतें. पुढील म्हणजे २०२४-२५ या वर्षींहि शेंकडा ९१ जण तोट्यांतच राहिले व त्या एका वर्षाचें नुकसान १ लाख ५ हजार कोटींच्या घरांत गेलें. ज्या दुकानांतून शंभरांतील नव्वद गिऱ्हाइकें खिसा रिकामा करून बाहेर पडतात, आणि तरीहि दुकानदाराचा गल्ला भरतच राहतो, त्या दुकानाला बाजार म्हणावें कीं आणखी कांहीं, हें वाचकांनींच ठरवावें. ‘सज्ञान माणसाला आपलें हित कळतें’ हें सूत्र एवढ्या प्रचंड प्रमाणावर ज्या ठिकाणीं खोटें ठरतें तेथें तें सूत्र पुन्हां पुन्हां घोकणें हा विचार नव्हे, मंत्रोच्चार आहे.

तर मग निर्बंध हवे, हें सिद्ध झालें. पण येथेंच पहिल्या पक्षानें विजयाचे नगारे वाजवूं नयेत. निर्बंध हवे म्हणजे थैलीचा उंबरठा हवा असें मुळींच ठरत नाहीं. किंबहुना आमचें स्पष्ट म्हणणें आहे कीं हा उंबरठा ज्यांचें रक्षण करावयाचें त्यांचेंच अधिक नुकसान करतो. तें कसें, हें थोड्या अंकगणितानें दाखवितां येईल.

समजा, एका प्राध्यापकाजवळ आयुष्यभराची ६० लाखांची शिल्लक आहे. विषय अर्थशास्त्राचा, अभ्यास दांडगा; त्यांतील तीन लाख, म्हणजे शेंकडा पांच, जोखमीच्या फंडांत घालावे असें त्याला वाटतें. ते सगळे बुडाले तरी त्याच्या घरची चूल विझणार नाहीं. त्याला कायदा म्हणतो, ‘तुम्हांला हें झेपणार नाहीं, मागें फिरा.’ आतां दुसरें घर घ्या. एका विधवा बाईंनीं जुनें राहतें घर विकलें व त्यांच्या हातीं सव्वा कोटि आले. व्यवहाराची संवय नाहीं, मुलगा परदेशीं. त्यांना एखादा गोडबोल्या विक्रेता एक कोटीचा फंड घेण्यास सांगतो. कायदा त्यांना लवून नमस्कार करतो व म्हणतो, ‘या, आपण पात्र आहांत !’ पुंजीचा शेंकडा ८० भाग एकाच जोखमीच्या कागदांत गुंतला, तोहि पुष्कळदां सातआठ वर्षें परत मागतां येणार नाहीं अशा अटीवर. ज्याला झेपलें असतें त्याला दार बंद, जिला झेपणार नाहीं तिला पायघड्या ! ‘सगळीं अंडीं एका टोपलींत ठेवूं नका’ हा उपदेश करणाऱ्या पंडितांनीं नियम मात्र असा केला कीं, टोपलींत हात घालावयाचा तर शंभर अंडीं एकदमच घाला.

याहून मोठी गंमत पुढेंच आहे. २०२१ साली सेबीनें ‘मान्यताप्राप्त गुंतवणूकदार’ नांवाचा एक नवा वर्ग निर्माण केला. ज्या व्यक्तीचें वार्षिक उत्पन्न २ कोटि आहे, किंवा जिची मालमत्ता साडेसात कोटींची असून तींतील निम्मी रोखे-ठेवींसारख्या आर्थिक स्वरूपांत आहे, तिला ही मान्यता मिळूं शकते. उत्पन्न व मालमत्ता यांची सांगड घालणारा आणखीहि एक पर्याय आहे. अशा मान्यवरांना सवलत कोणती ? तर त्यांना एक कोटीच्या उंबरठ्याचें बंधन नाहीं ! ज्याच्याजवळ साडेसात कोटि आहेत तो दहा लाख, म्हणजे आपल्या पुंजीचा शेंकडा दीडहि नव्हे इतका अंश, घालून मौज पाहूं शकतो. आणि ज्याच्याजवळ दोन कोटि आहेत त्यानें मात्र एक कोटि घालावे नाहींतर घरीं बसावें. थोडी जोखीम घेण्याचा शहाणपणा श्रीमंतांना मोकळा, मध्यमांना मना. हेतु कितीहि सात्त्विक असो, ज्या नियमाचा परिणाम असा होतो त्याला संरक्षणाचा नियम म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

उंबरठ्याचे समर्थक म्हणतात कीं, ज्याच्याजवळ अधिक पैसा त्याला सल्ला विकत घेतां येतो व तोटा सोसतां येतो. तोटा सोसण्याविषयींचें वरील उदाहरणांवरून दिसलेंच. राहिली गोष्ट सल्ल्याची व शहाणपणाची. मुंबईच्या इतिहासानें याचें उत्तर केव्हांच देऊन ठेविलें आहे. १८६१ साली अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला व आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या लोंढ्यांत मुंबईंत बँका व कंपन्या कुत्र्याच्या छत्रीसारख्या उगवल्या. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपनीचे शेअर मूळ किंमतीच्या अनेकपटींनीं विकले जाऊं लागले. १८६५ साली युद्ध संपलें, कापूस कोसळला, आणि १ जुलैच्या वायदेफेडीच्या दिवशीं सगळा डोलारा जमीनदोस्त झाला. यांत कोण बुडाले ? प्रेमचंद रायचंद, ज्यांच्या शब्दावर बाजार हालत असे ते बुडाले; शहरांतील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या; आणि ज्या बँकेत सरकारचेहि भाग होते ती जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली निकालांत निघाली. यांपैकीं कोणाची थैली लहान होती ? कोणाला सल्लागार परवडत नव्हता ? लक्ष्मी व सरस्वती एकत्र नांदत नाहींत असें आपले पूर्वज म्हणत. तें सर्वस्वीं खरें नसेल, पण दोघी नेहमीं एकत्रच असतात असें मानून कायदा करणें हें त्याहून खोटें आहे.

अमेरिकेंतहि हीच चूक झाली. तेथें १९८२ साली दहा लाख डॉलरची मालमत्ता किंवा दोन लाख डॉलरचें उत्पन्न ही पात्रतेची खूण ठरली. महागाईच्या मानानें ती पुढें वाढविली गेली नाहीं. २०१० मध्यें राहतें घर हिशेबांतून वगळलें एवढेंच. परिणामीं, ज्ञान तिळभर न वाढतां केवळ डॉलर स्वस्त झाल्यामुळें लाखों कुटुंबें ‘जाणकार’ बनलीं. २०२० साली तेथील नियामकांनीं प्रथमच कांहीं व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना पैशाची अट न घालतां आंत घेतलें. ज्ञानाची परीक्षा ज्ञानानें करावी, एवढी साधी गोष्ट उमगण्यास त्यांना अडतीस वर्षें लागलीं.

आतां वादाच्या दुसऱ्या अंगाकडे वळूं. मध्यमवर्गाला आजवर जे मोठे धक्के बसले ते जोखमीच्या पाटीखालीं बसले, कीं सुरक्षिततेच्या ? युनिट ट्रस्टची ‘यूएस-६४’ ही योजना आठवा. १९६४ साली सुरू झालेली ही योजना म्हणजे सरकारी छत्राखालची तिजोरी, अशी घरोघर समजूत होती. तिच्या युनिटची परतीची किंमत आंतील मालमत्तेच्या खऱ्या मोलावरून ठरत नसे, व्यवस्थापक ठरवीत. आणि आंतील पैसा मोठ्या प्रमाणावर शेअरांत गेला होता. जुलै २००१ मध्यें सहा महिन्यांसाठीं परतफेड थांबविण्यांत आली, तेव्हां निवृत्तांच्या पायाखालची वाळू सरकली. २३ एप्रिल २०२० रोजीं फ्रँकलिन टेंपलटनच्या सहा कर्जरोखे-योजना एका रात्रींत बंद झाल्या. सुमारें २५ हजार कोटि रुपये व तीन लाखांवर गुंतवणूकदार अडकले. पैसा पुढें हप्त्याहप्त्यानें परत मिळाला, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु ‘वाटेल त्या दिवशीं परत’ या वचनावर ज्यानें रुग्णालयाचा वा लग्नाचा खर्च बेतला होता त्याला हें समाधान उशीराचें होतें. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत येस बँकेचे ८,४१५ कोटींचे कायमस्वरूपी रोखे शून्यवत् करण्यांत आले. ते अनेक व्यक्तींनीं ठेवीसारखेच समजून घेतलेले होते. तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें जानेवारी २०२३ मध्यें रद्द ठरविला व वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. सेबीनें काय केलें ? ऑक्टोबर २०२० मध्यें अशा रोख्यांच्या व्यवहाराची किमान रक्कम एक कोटि केली. बैल गेला नि झोपा केला. आणि झोपाहि पुन्हां थैलीच्याच मापाचा!

या तिन्ही प्रकरणांत दोष गिऱ्हाइकाच्या गरिबींत नव्हता. पहिल्यांत किंमत खरी नव्हती, दुसऱ्यांत परतीचें वचन आंतील मालाशीं जुळणारें नव्हतें, तिसऱ्यांत एका वस्तूवर दुसऱ्या वस्तूची चिठ्ठी लावली गेली होती. तिन्ही दोष दुकानांतील आहेत. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, पहारा गिऱ्हाइकावर नव्हे, दुकानावर बसवा. हें नुसतें घोषवाक्य राहूं नये म्हणून काय करावें तेंहि स्पष्ट सांगतों.

पहिली गोष्ट, किमान मर्यादेऐवजीं कमाल मर्यादा ठेवा. कोणाहि व्यक्तीनें आपल्या आर्थिक पुंजीच्या ठराविक भागाहून, समजा दहाव्या हिश्श्याहून, अधिक रक्कम अशा फंडांत घालूं नये. त्या मर्यादेंत मात्र हजार रुपयेहि घालण्यास मोकळीक असावी. हें स्वप्नरंजन नव्हे. इंग्लंडमध्यें सहज न विकतां येणाऱ्या रोख्यांबाबत सामान्य गुंतवणूकदाराकडून शेंकडा दहाच्या मर्यादेचें प्रतिज्ञापत्र घेण्याची पद्धत आहे. युरोपांत दीर्घ मुदतीच्या फंडांसाठीं लहान गुंतवणूकदारांवर शेंकडा दहाची मर्यादा होती. ती जानेवारी २०२४ पासून काढून टाकली गेली, हें आम्हांस ठाऊक आहे. ते फंड अपेक्षेप्रमाणें पसरेनात म्हणून नियम सैल झाले. परंतु माल खपत नाहीं ही दुकानदाराची अडचण आहे. ती दूर करणें हें पहारेकऱ्याचें काम केव्हांपासून झालें? आपल्या येथें मर्यादा मोजणें अशक्य आहे असेंहि कोणी म्हणूं नये. पॅन क्रमांक सर्वांना आहे, आणि डीमॅट खातें व म्युच्युअल फंड यांचें एकत्रित विवरण २०१५ पासून गुंतवणूकदाराकडे येत आहे. जें विवरण घरीं टपालानें येऊं शकतें तें विक्रीच्या वेळीं पाहतां येणार नाहीं, हें कोणास पटेल ?

दुसरी गोष्ट, विक्रेत्याच्या कमाईची. या बाबतींत सेबीनें केलेलें काम मुक्तकंठानें वाखाणलें पाहिजे. ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडांत प्रवेशाच्या वेळीं रक्कम कापणें बंद झालें, जानेवारी २०१३ पासून मध्यस्थाशिवाय थेट घेण्याची सोय झाली, २०१८ मध्यें विक्रेत्याला आगाऊ दलाली देण्याची प्रथा मोडली. या सुधारणांनीं कोणाचेंहि स्वातंत्र्य हिरावलें नाहीं व लाभ सर्वांना झाला. पहारा दुकानावर बसवावा तो असा. परंतु श्रीमंतांच्या ओवरींत हात आंखडला : पर्यायी फंडांच्या पहिल्या दोन वर्गांत एकूण दलालीच्या एक तृतीयांशापर्यंतचा भाग आरंभींच देण्याची मुभा २०२३ च्या नियमांत ठेवलेली आहे. जेथें माल अधिक धोक्याचा तेथें विक्रेत्याचा मोह अधिक ठेवावयाचा, ही कोठली नीति ?

तिसरी गोष्ट, वचन व माल यांची जुळणी. जी वस्तु विकण्यास महिने लागतात ती पोटांत ठेवून ‘उद्यां पैसे परत’ अशी पाटी लावण्यास कोणत्याहि फंडाला मनाई असावी. २०२० च्या धक्क्यानंतर कर्जरोखे-योजनांनीं निदान शेंकडा दहा मालमत्ता तत्काळ विकतां येण्याजोगी ठेवावी असा नियम झाला. दिशा बरोबर आहे. पाऊल अजून लहान आहे.

चौथी गोष्ट, सहीच्या मागें जाण्याची. १८७९ च्या कायद्याचें तत्त्व येथें लागू करा. तोटा झाल्यावर ‘अटी मान्य’ ही चौकट दाखवून विक्रेत्यानें सुटूं नये. या वयाच्या, या उत्पन्नाच्या माणसाला ही वस्तु योग्य आहे असें आपण कशावरून ठरविलें, हें सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असावा.

यावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. त्या जुन्या कायद्याविरुद्धहि अशी ओरड झाली कीं, सावकारानें हात आंखडला व शेतकऱ्याला कर्ज मिळणें कठीण झालें. विक्रेत्यावर भार टाकला तर तोहि लहान गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवील, असें म्हणतां येईल. कांहीं अंशीं तसें होईलहि. परंतु जो माल योग्यता सिद्ध करण्याची अट घालतांच विकेनासा होतो, तो न विकला गेल्यानें कोणाचें घर बुडालें ? आणि ज्याला खरोखर समजतें त्याच्यासाठीं परीक्षेचा दरवाजा ठेवावाच. शेअरबाजाराचें ज्ञान तपासणाऱ्या परीक्षा आपल्या देशांत आहेत. त्या उत्तीर्ण होणाऱ्या शाळामास्तराला साडेसात कोटींच्या मालकाइतकाच मान मिळावा. मग अन्यायाची तक्रार करणाऱ्या स्वातंत्र्यवाद्यांनाहि बोलण्यास जागा उरणार नाहीं.

कायद्यानें सर्व होत नाहीं, हें आम्ही जाणतों. शेजाऱ्याचे पैसे दुप्पट झाले ही बातमी ज्या दिवशीं घरांत येते त्या दिवशीं कोणताहि नियामक त्या घरांत हजर नसतो. तेथें कुटुंबानेंच सावध असलें पाहिजे : हा कागद विकून समोरच्याला काय मिळतें, पैसे परत केव्हां मिळतील, आणि सगळे गेले तर घरांत काय बंद पडेल, हें विचारण्याची लाज वाटूं देतां कामा नये. परंतु घरानें सावध असावें म्हणून बाजारानें बेफाम असावें असा अर्थ होत नाहीं. दाराला कडी लावणें हें गृहस्थाचें कर्तव्य असलें तरी त्यामुळें चोराला मोकळीक मिळत नाहीं.

तात्पर्य, सामान्यांना जोखमीपासून तोडून टाकणें आणि त्यांना जोखमीच्या तोंडीं देणें हे दोनच मार्ग आहेत असें जे भासविलें जातें तें खोटें आहे. तिसरा मार्ग आहे : लहान माणसाला लहान जोखीम घेऊं द्या, मोठी घेऊं देऊं नका, आणि जो विकतो त्याच्याकडून जाब घ्या. ज्या दिवशीं नियामक गिऱ्हाइकाची थैली चाचपण्याचें सोडून दुकानदाराचें तराजू तपासूं लागतील, त्या दिवशीं मध्यमवर्गाला संरक्षणहि मिळेल आणि स्वातंत्र्यहि. तोंपर्यंत उंबरठे कितीहि उंच केले तरी ते ओलांडून आंत पडणारे पडतच राहतील. आणि उंबरठा जेवढा उंच, तेवढें पडणाऱ्याला अधिक लागेल.